जिवंत नाणं

उस्तादांचा उजवा हात थरथरतो, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं आणि कळूही द्यायचं नव्हतं. जादूगाराचा हात म्हणजे गवयाचा गळा. तो गेला की उरतं काय? उरतं नुसतं नाव, आणि ते तर समुद्राकाठच्या हॉटेलाच्या दारातल्या पाटीवर रंगवलेलं होतं: दर शनिवारी संध्याकाळी, उस्तादांचे खेळ. पत्ते बोटांतून गळायला लागले तसा त्यांनी कंबरदुखीचा बहाणा केला आणि मॅनेजरला सांगून टाकलं, "आता माझी शिष्या खेळ करेल. मी समोर बसून बघणार."

शिष्या म्हणजे कोण? बायको! आयुष्यभर बाई कापायच्या खेळात करवतीच्या पेटीत अंग चोरून पडलेली. हॉटेलातले वेटरही तिला पेटीवालीच म्हणत. गुडघे छातीशी घ्यायचे, श्वास आवरायचा आणि पापणीसुद्धा हलवायची नाही, एवढीच तिची विद्या. टाळ्या बाहेर वाजायच्या, ती आत पडून ऐकायची.

मॅनेजर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पत्तेबित्ते नकोत," तो म्हणाला. "पोरं मोबाईलमधून मान वर करत नाहीत, तर मोबाईलचीच जादू दाखवा. फसलात तर पुढच्या शनिवारी मी गाणारा बोलावतो आणि दारातली पाटी उतरवतो."

झालं! लेकीनं दोन फोन दिले, त्यात काय काय भरून दिलं, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. खेळ दोनच. पहिला नाण्याचा: फोनच्या पडद्यावर नाणं दिसतं, फोन कलला की घरंगळतं, कडेला आपटून खणखणतं, आणि मग ते पडद्यातून चिमटीत खरंखुरं बाहेर काढायचं. दुसरा आकड्याचा: तिच्या डोळ्यांवर रुमाल, पाहुण्यानं पाटीवर दोन अंकी आकडा लिहायचा आणि तिनं तो ओळखायचा. गुपित साधं होतं. उस्ताद टेबलाखाली धरलेल्या फोनवर बोट टेकवणार, जितक्यांदा टेकवतील तितक्यांदा तिच्या कमरेला खोचलेला फोन गुरगुरणार. आधी दशक, मग थांबा, मग एकक.

आकड्याचा खेळ तिला चार दिवसांत जमला. सकाळची गोळी घेतली की उस्तादांचा हात तासभर शहाण्यासारखा वागायचा, त्यामुळे घरी एकही आकडा चुकला नाही. नाण्यानं मात्र रडवलं.

"मेलंय ते नाणं," उस्ताद म्हणायचे. "फोटो चिकटवल्यासारखं दिसतंय. जरा जीव आण त्यात!"

"हलवतेय की!"

"हलवतेयस, हे दिसतंय ना! आणि अंगठा खाली घे. नाणं काढताना दर वेळी वर येतो तुझा, मागे लपवलेलं खरं नाणं दिसतं."

ती तरी काय करणार? जन्मभर न हलण्याची सवय लागलेला हात तो, दगडासारखा स्थिर. मुद्दाम हलवला की मुद्दाम हलवल्यासारखाच दिसे.

शनिवारी दुपारी पडायची ती ठिणगी पडलीच. तिनं ठेवणीतली निळी साडी नेसून आरशात पाहिलं आणि उस्ताद दारातून म्हणाले, "माझ्या नावाखाली आता हे मोबाईलचं डबडं वाजणार. बघा रे नशीब!"

"नाव तुमचंच राहणार आहे," ती फणकारली. "इतकी वर्षं पेटीत मी मुडपून पडले आणि वाकून सलाम तुम्ही केलेत. आज मी उभी राहणार तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

हॉटेलपर्यंत रिक्षात दोघं दोन बाजूंना तोंड करून बसले.

हॉटेलात पोचल्यावर कळलं की कुठल्याशा कंपनीची मोठी पार्टी उशिरा येणार, खेळ त्यांच्यासमोर करायचा. म्हणजे बसा वाट बघत. उस्ताद कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. ती पडद्याआड उभी राहून घोटभर पाणी पीत राहिली. गोळीची वेळ दोघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. सराव सकाळीच केला होता ना! संध्याकाळच्या हाताची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती.

पार्टी आली, ताटं लागली, मॅनेजरनं टाळी वाजवली. ती पुढे आली, तशी पहिल्याच टेबलावरची एक चिमुरडी आईच्या कानात मोठ्यानं म्हणाली, "ही तर आजी आहे!" लोक हसले. तीही हसली.

तिनं नमस्कार केला, खेळ सांगितला, डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. खडू पाटीवर करकरला.

कमरेचा फोन गुरगुरला. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना! माशी बाटलीत अडकावी तसा भणभणत राहिला. थांबा कुठे, दशक कुठे, एकक कुठे? काहीतरी म्हणणं भाग होतं.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

हशा पिकला. पाटीवर एकवीस होतं.

"पहिला आकडा देवाच्या नावानं," तिनं सावरून घेतलं. "दुसरा लिहा."

पुन्हा खडू, पुन्हा तीच भणभण. आणि रुमालाआडच्या अंधारात तिच्या मनात ते आलंच: मुद्दाम करताहेत! दुपारचं उट्टं काढताहेत! इतकी वर्षं या माणसाच्या करवतीखाली डोळे मिटून पडले, आणि हा मला चार लोकांत तोंडघशी पाडतोय. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं, ते रागानं.

"अठ्ठ्याऐंशी."

या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मॅनेजर खाकरला, त्या खाकरण्यात पुढच्या शनिवारचा गाणारा तिला स्पष्ट ऐकू आला.

तिनं रुमाल ओढून काढला आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. डाव्या हातानं ते टेबलाखाली उजवं मनगट दाबून धरत होते आणि तरीही टेबलावरच्या चादरीची कड एकसारखी हलत होती. पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरत होतं.

तिचा राग क्षणात उतरला आणि त्या जागी लाज आली. काय काय मनात आणलं आपण! आता एक शब्द बोललं की आपण सुटलो, पण यांचा हात चव्हाट्यावर येणार. तिनं पदर सारखा केला.

"माफ करा मंडळी. चूक माझी आहे," ती म्हणाली. "अजून शिकतेय."

मॅनेजर पुढे यायला निघाला. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"चूक तिची नाही," उस्ताद उभे राहिले होते. "आकडे तिला मी सांगत होतो, या फोनवरून. हात माझा चुकला."

आणि त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर वर धरला. तो वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. एक चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. ते हात खाली घेईनात. जणू म्हणत होते, बघा, पोटभर बघून घ्या.

तिला ते बघवेना. ती टेबलांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या हातातला फोन घेतला, पडद्यावर नाणं आणलं आणि फोन त्यांच्या त्या थरथरत्या उजव्या तळव्यावर आडवा ठेवला.

"अगं, वेडी आहेस का? पडेल," ते पुटपुटले.

"पडू दे. धरा फक्त."

पडद्यावरचं नाणं कलंडलं. घरंगळलं, कडेला आपटलं, उलट फिरलं, पुन्हा आपटलं. सुटायला धडपडल्यासारखं ते खणखणत राहिलं. लोक उठून जवळ आले. चिमुरडी खुर्चीवर चढली.

"आई, ते जिवंत आहे! त्याला बाहेर यायचंय!"

"तर काय, गुदमरतंय बिचारं," पेटीवाली म्हणाली. "आत कोंडून पडणं काय असतं, ते मला विचार." तिनं दोन बोटं पडद्याला लावली, नाणं चिमटीत धरून वर उचललं आणि मुलीच्या तळहातावर ठेवलं. पडदा रिकामा होता.

टाळ्यांनी हॉटेल दणाणलं. या वेळी त्या तिनं बाहेर उभं राहून ऐकल्या. मॅनेजर मुलीच्या हातातलं नाणं उलटंपालटं करून बघत होता. "पाटी राहू द्या," तो म्हणाला. "पण पुढच्या शनिवारी आकडेबिकडे नकोत. हेच करा, दोघं मिळून."

तिनं नवऱ्याचा तो हात आपल्या हातात घट्ट धरला आणि दोघं एकदमच वाकले. त्याची थरथर तिच्या कोपरापर्यंत चढली, तरी तिनं तो सोडला नाही.

"अंगठा वर आला होता तुझा," खाली वाकल्या वाकल्या उस्ताद कुजबुजले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"येऊ दे," ती म्हणाली. "तुमच्या हाताकडे बघत होते सगळे."