टाकीत ओतलेला नारळ

आमच्या प्रयोगशाळेत काचेची एक लांबलचक टाकी आहे. तिच्यात खाली रंग घालून निळं केलेलं मिठाचं पाणी आणि वर गोडं पाणी. गोडं पाणी स्पंजवरून थेंबाथेंबानं सोडावं लागतं, नाहीतर थर मिसळतात. मग वरचा थर हळूच सरकवला की दोन्हींच्या सीमेवर भोवरे उठतात, आणि धरणातलं गार-गरम पाणी कसं मिसळतं ते कळतं. खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्या शहराला हे कळायला नको? माझा प्रबंध या भोवऱ्यांच्या एका चित्रणासाठी अडला होता. दसऱ्यानंतर टाकी मोडून तिथं विभागप्रमुखांची बैठकीची खोली होणार होती. बैठकीची! म्हणून मी आणि माझा सहकारी बिलाल खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून जीव मुठीत धरून पाणी भरत होतो.

खंडेनवमीला सकाळी यंत्रपूजा झाली. कॅमेऱ्याला हळदकुंकू मीच लावलं, टाकीला बाहेरून हार बिलालनं घातला. तेवढ्यात विभागप्रमुख श्रीधर सर आले, नारळ फोडला आणि फोटोवाल्याकडे बघत सगळं पाणी थेट टाकीत ओतलं.

"अहो सर!" मी किंचाळले.

नारळाचं पाणी धुरासारखं खाली गेलं, मिठाच्या थरावर आपटलं आणि गरगरत दोन्हीकडे पसरलं. आमची आखीव सीमा पार विस्कटली.

"एवढं काय त्यात? तीर्थच आहे," सर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅमेरा मात्र चालूच होता. दुपारी सरांनी ते चित्रण पाहिलं आणि खुलले. "वा, काय भोवरे आहेत! चैताली, यावर लेख लिहू. पहिलं नाव माझं. कल्पना माझीच ना?"

निर्लज्जपणाची कमाल झाली.

"जरूर, सर," मी म्हणाले. "फक्त पुन्हा एकदा ओतून दाखवा. तेवढंच पाणी, तितक्याच उंचीवरून, अगदी तस्संच."

"जसंच्या तसं कसं जमेल?"

"मग हा प्रयोग नव्हे, सर, सांडलवंड आहे. तरी लेख लिहायचाच असेल तर मी त्यात 'नारळ ओतणारे : विभागप्रमुख' असं स्पष्ट लिहीन."

बिलालला एकदम खोकला आला.

"बैठकीची खोली थांबेल," सर पुटपुटले. "पुन्हा भरा."

"भरतो. पण दाराची किल्ली माझ्याकडे राहील. तुमच्याकडची किल्लीसुद्धा."

सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. बिलाल मीठ विरघळवायला बसला.