ठिणगीची उडी

दर्शनाने स्पार्क प्लगचा वरचा आकडा लाकडी फळीवर हलकेच आपटला आणि फट मोजायच्या गेजची पातळ पाती आकड्याखाली सरकवली. पाती कुठे अडलीच नाही, सुळकन पार गेली.

"फट अजून मोठी आहे," नाना म्हणाले. "घाई कसली गो तुका?"

घाई होतीच. उद्या रविवारी धावपट्टीवर तिची गाडीची शर्यत होती आणि समोर वरळी कोळीवाड्याचा विनीत. महिन्यापूर्वी त्याने चारचौघांत तिला ऐकवलं होतं, नायट्रस म्हणजे अत्तर नव्हे, मॅडम. तेव्हापासून ऑफिस सुटलं की ती लालबागला नानांच्या गॅरेजात येत होती. त्याला हरवल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

नाना मुळाक्षरं गिरवून घ्यावीत तसं शिकवत. नायट्रस म्हणजे गाडीचा जोर वाढवणारा वायू; तो सोडला की इंजिनात जाळ वाढतो, तसा दाबही वाढतो. त्या दाबात ठिणगीला लांब उडी झेपत नाही, ती विझते. म्हणून एक मिलिमीटरची फट शून्य पूर्णांक सातवर आणायची. प्लगही दोन नंबर थंड हवा, आखूड नाकाचा, उष्णता झटकन बाहेर टाकणारा. नाहीतर त्याचं टोक लाल होतं, इंधन वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. दर्शनाने हौसेने आणलेले सुईच्या टोकाचे महागडे प्लग त्यांनी पहिल्याच दिवशी दुकानात परत पाठवले होते.

तिने पुन्हा आपटून पाहिलं. आता पाती किंचित घासत गेली, खोबऱ्याच्या वडीतून सुरी ओढावी तशी. नानांनी मान डोलावली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात ग्रीसने माखलेले, म्हणून करंगळीने त्यांनी स्पीकर लावला. विनीत होता. त्याच्या गाडीत नायट्रसची बाटली कालच बसली होती, प्लग मात्र कंपनीतून आलेलेच होते. चालतील ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"दर्शना बसलीय इथं. तिला विचार."

"ती काय सांगणार, नाना?" तो हसला.

दर्शना हातातल्या प्लगकडे बघत राहिली. 'चालतील' म्हटलं की शर्यत तिची होती. नाना पाना पुसत होते, वर बघतही नव्हते.

"नाही चालणार," ती म्हणाली. "पहिल्याच फेरीत पिस्टन जाईल तुझा."

मग तिने नंबर, नाक, फट, सगळं सांगितलं. पाती कशी घासत जायला हवी, तेही. विनीतने नंबर पुन्हा एकदा विचारून घेतला.

"हे मला का सांगतेस?"

"बंद पडलेल्या गाडीला हरवून काय मिळणार? धावून हर."

नाना खोकल्यासारखं हसले.

तासाभराने, ते कोपऱ्यावर चहा आणायला गेले असताना, फोन पुन्हा वाजला. या वेळी तिचा. नंबर त्याने कुठून मिळवला कोण जाणे. नवे प्लग आणले होते, पण फट काही जमत नव्हती. मधलं टोक जरा दाबलं तर चालेल का, विनीत विचारत होता.

"मधल्याला अजिबात हात लावू नकोस. व्हिडिओ लाव, मला दिसू दे."

तिने फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि स्वतःचा चौथा प्लग बाजूला ठेवला.

नाना दोन कटिंग घेऊन परतले. आतला आवाज ऐकून ते बाहेर पायरीवरच बसले, एक ग्लास तोंडाला लावला आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली.