अकरा हरणांचा घडा

संग्रहालयाच्या बाईंनी घड्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून बोटांनी भिंत चाचपायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. दुसऱ्या हातात भिंग होतं, पण त्याचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता. पोट तपासणाऱ्या डॉक्टरसारख्या त्या इंच इंच पुढे सरकत होत्या आणि समोर खुर्चीच्या कडेवर टेकलेले कवळीवाले त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू केल्या होत्या. माणसाला कुठं खुपतंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. बाईंना काहीतरी खुपत होतं.

"काका, हा दुरुस्त केलाय ना?"

"थोडाफार."

"कुठं?"

कवळीवाल्यांना हसू आलं. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक आयुष्यात त्यांना कुणी दिलं नव्हतं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि समजावून सांगायला लागल्या. आमच्याकडे दुरुस्ती लपवत नाहीत, काका. दोन पावलांवरून घडा सबंध दिसावा, पण हातात घेतला की जोड दिसलाच पाहिजे. जुनं कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं हे कळलं नाही, तर त्या घड्याबद्दल कुणालाच काही खरं सांगता येत नाही.

कवळीवाल्यांनी मान डोलावली, पण ते पटलं असं नव्हे. त्यांचा सगळा धंदा याच्या उलट होता. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते कवळ्या करायला शिकले, तो म्हणायचा की तुमची कवळी छान आहे असं गिऱ्हाइकाला कुणी म्हटलं, तर समजा काम फसलं. खोट्या दातावर ते मुद्दाम एक बारीक डाग ठेवत, एखादा दात केसभर तिरका बसवत. लग्नातल्या फोटोत माणूस मोकळेपणी हसला, की त्यांची मजुरी वसूल व्हायची.

घड्यांचं वेड मागाहून लागलं. परवाना असलेला, पावती देणारा एक जुन्या वस्तूंचा दुकानदार होता. त्याच्याकडे हजारो वर्षांपूर्वीची भांडी यायची. सबंध भांडं कवळीवाल्यांच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून ते फुटकी घ्यायचे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्यांचं काम आटोपलं की उरलेल्या प्लॅस्टरनं भांड्यांची खिंडारं भरायचे, विटेची पूड आणि लाख लावून रंग जुळवायचे. दुकानदार त्यांना डॉक्टर म्हणायचा. दवाखान्यातले खरे डॉक्टर त्यांना नुसतं 'अहो' म्हणायचे. तीस वर्षांत तीन भिंती भरल्या. त्यात हा घडा सगळ्यांत मोठा, गुडघाभर उंच, खांद्याभोवती अकरा हरणांची रांग. त्याचे सत्तावीस तुकडे एका खोक्यातून आले होते आणि बायकोनं विचारलं होतं की एवढ्या खापऱ्यांत आमटी कशात वाढणार.

बायको आता नव्हती. महिनाअखेर कवळीवाले मुलीकडे राहायला जाणार होते, दोन खोल्यांत. तिथं तीन भिंती नेता येत नव्हत्या. शुक्रवारी संग्रहालयाची बैठक होती. बाईंनी शिफारस केली तर घडा काचेच्या कपाटात जाणार होता आणि मागाहून बाकीची भांडी. नाहीतर दुकानदार होताच. तो परवाच येऊन गेला होता. सगळं उचलतो म्हणाला, डॉक्टर, तुमच्या हातचं असल्यावर फुटकं की सबंध हे मी विचारतसुद्धा नाही. त्याच्या या बोलण्याचाच कवळीवाल्यांना घोर लागला होता. हा माणूस घडा सबंध म्हणून विकणार आणि घेणाऱ्याला कधीच कळणार नाही.

बाईंनी खडूचा तुकडा टेबलावर ठेवला. बाकीचं राहू द्या, म्हणाल्या. या एका घड्यावर तुमचं काम तेवढं खडूनं आखून ठेवा. बुधवारी येते.

"हरणांत तुमची किती?"

"तीन," कवळीवाले लगेच म्हणाले.

"कोणती?"

त्यांनी चष्मा चढवला. पहिलं बोटानं दाखवलं. दुसऱ्यापाशी बोट गेलं, तिथून पुढच्यावर गेलं आणि हवेतच राहिलं.

"आखून ठेवतो म्हटलं ना," ते म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी घडा खिडकीशी ओढला. सकाळच्या उजेडात बघितलं, दुपारच्या बघितलं. खडूनं तीन हरणं आखली, मग एक पुसलं, मग दोन वाढवली. स्वतःचा हात ओळखता येईना. प्रत्येक हरणाच्या मागच्या पायाला तोच बाक, प्रत्येक शिंगाला तोच झोक. त्यांनी तो बाक जुन्या हरणांकडून इतका मन लावून उचलला होता की आता हात कुणाचा, हे हरणंच सांगत नव्हती. संध्याकाळी त्यांनी चिडून ओल्या फडक्यानं सगळा खडू पुसून टाकला आणि फडकं मोरीत फेकलं.

मुलगी खोकी घेऊन आली तेव्हा ते घड्याकडे पाठ करून बसले होते. तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं. तिनं ऐकताना एका खोक्याला चिकटपट्टी लावली.

"बाबा, रागवू नका, पण तुम्हालाच आठवत नाही?"

"आठवत नाही असं कोण म्हणतंय. सापडत नाही."

"आईचंही असंच केलं होतंत. पुढचे दोन दात तुमचे होते, हे मला ती गेल्यावर कळलं. तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"मग? वाईट दिसत होते?"

"नाही ना. तेच तर म्हणतेय."

ती चिकटपट्टी दातानं तोडून दुसऱ्या खोक्याकडे वळली. खोक्यांत घडे बसणार नव्हतेच, तिनं ती कपड्यांसाठी आणली होती. जाता जाता म्हणाली की नाहीच जमलं तर देऊन टाका दुकानदाराला, जीव तरी सुटेल तुमचा. जीव सुटायला अडकला कुठं होता, हे तिला सांगत बसायचं कवळीवाल्यांच्या जिवावर आलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी मोरीत कपड्यांचा टब मांडला आणि कोमट पाण्यानं भरला. स्पिरिटची बाटली, कापूस आणि मेण कोरायचं टोकदार हत्यार पाटावर ठेवलं. घडा उचलून आणताना कंबर धरली, तेव्हा घड्यालाच एक शिवी दिली. मग स्टुलावर बसून कापूस भिजवला आणि लाखेचा थर पुसायला लागले. भट्टीत भाजलेला जुना रंग स्पिरिटला दाद देणार नव्हता, त्यांचा लाखेतला तेवढा उतरणार होता. स्वतःचं काम स्वतःच्या हातानं खरवडायचं. याच्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

पहिलं हरीण कापसावर आलं. तपकिरी डाग, खाली पांढरं प्लॅस्टर. दुसरं आलं. तिसरं आलं. चौथं येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाचव्याला त्यांनी कापूस फेकून नवा घेतला, जणू चूक कापसाची होती.

रांगेत एक हरीण मान वळवून मागं बघणारं होतं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कवळीवाले तेच दाखवायचे. बघा, म्हणायचे, त्या काळचा माणूस जनावराकडे कसा बघत होता, रांगेतलं एखादंच मागं वळतं हे त्यानं टिपलंय. हे वीसेक वर्षं सांगून झालं होतं. मुलीच्या सासऱ्यांना तर दोनदा. त्यांनी त्या हरणाच्या मानेवर कापूस ठेवला, अगदी हलका, आणि उचलला. कापसावर मान होती.

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला. लबाडी केली असती तर एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी लबाडी केली नव्हती. त्यांनी मनापासून ते हरीण काढलं होतं आणि नंतर तितक्याच मनापासून विसरले होते. दुकानदार निदान दुसऱ्याला फसवतो.

अकरातली सहा त्यांची निघाली. पाच जुनी.

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी घडा पाण्यात सोडला. तासाभरात सरसाचे जोड मऊ पडले आणि घडा बसल्या जागी आवाज न करता उलगडला. कवळीवाले तुकडे एकेक करून बाहेर काढत गेले, जुने वर्तमानपत्रावर आणि प्लॅस्टरचे बादलीत. बादली भरत आली तसे त्यांचे ओठ आवळत गेले. शेवटी दोन मोठे तुकडे उरले, खांद्याचे, शेजारशेजारचे. ते उचलताना त्यांच्यातून प्लॅस्टरच्या गोळ्या गळून पाण्यात पडल्या. वाटाण्याएवढ्या, एकीपाठोपाठ एक.

तुकड्यांना भोकं होती. चिरेच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, समोरासमोर.

मग त्यांना आठवलं. खोकं आलं त्या आठवड्यातलीच गोष्ट. भोकं तेव्हाही होती, त्यात काळं, चिकट काहीतरी कडक झालेलं होतं. कुणी अडाण्यानं टांगायला भोकं पाडली असतील असं म्हणून त्यांनी ती घाण हत्यारानं कोरून काढली होती, प्लॅस्टर भरलं होतं आणि वरून रंग दिला होता. भोक बुजलंय हे कुणाच्या बापाला कळू नये म्हणून त्यांनी फार कष्ट घेतले होते.

त्यांनी तुकडे पुसले आणि दाराच्या उजेडात धरले. आता ते कारागिराच्या डोळ्यांनी बघत होते. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं होतं, मध्ये अरुंद, म्हणजे कड फुटू नये याची काळजी घेतलेली. चिरेपासूनचं अंतर सगळीकडे सारखं, करंगळीच्या नखाएवढं. समोरासमोरच्या भोकांतून दोरी ओवून तुकडे करकचून बांधले असणार आणि वरून डांबरासारखं काहीतरी चोपडलं असणार. घडा तेव्हाच फुटला होता. घडवणाऱ्याच्या काळात, कुणाच्या तरी घरात. कुणाला तरी तो टाकवला नव्हता. सांधणाऱ्यानं काहीच लपवलं नव्हतं. एक भोक तर त्यानं जुन्या हरणाच्या पुठ्ठ्यातूनच आरपार पाडलं होतं.

पाच भोकं स्वच्छ होती. सहाव्यात, अरुंद जागी, अजून काळं होतं.

कवळीवाल्यांचा हात सवयीनं हत्याराकडे गेला. हत्यार उचललंसुद्धा. टोक भोकाच्या तोंडाशी आलं आणि तिथं थांबलं. त्यांनी हत्यार पाटावर ठेवलं, मग तिथूनही उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

बुधवारी बाई आल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तुकडे मांडलेले होते. बाईंनी दारातच चपला काढल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. खडूनं आखायला सांगितलं होतं काका, असं त्या पुटपुटल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून वडिलांकडे बघत होती, आता हे ओरडतात की काय अशी. ते ओरडले नाहीत. त्यांनी बादली पुढे सरकवली.

"हे माझं. यात सहा हरणं आहेत."

बाई खाली बसल्या. तुकड्यांवरून त्यांची नजर फिरत गेली आणि खांद्याच्या दोन तुकड्यांवर अडली. त्यांनी हात पुढे केला, पण लावला नाही.

"ही भोकं..."

"पाडली दुसऱ्यानं. बुजवली मी."

"यात काही होतं का? काळसर?"

"होतं. पाचांतलं मी काढून टाकलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. कवळीवाले त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. या वेळी कुठं खुपतंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणि हे सहावं? हे कसं राहिलं?"

"दिवे गेले असतील त्या दिवशी," ते म्हणाले. "नाहीतर मी ठेवलं नसतं."

मुलीनं चहा आणून ठेवला. तो कुणी उचलला नाही. बाईंनी पिशवीतून शिफारशीचा कागद काढला, गुडघ्यावर पाटी ठेवली आणि लिहायला लागल्या. उंची, माती, रंग. हरणांपाशी त्यांनी पाच लिहिलं. मग पेन थांबलं.

"दुरुस्ती कोणाची, असा एक रकाना आहे. तुमचं नाव घालते."

कवळीवाले चष्मा काढून पुसत होते. त्यांनी तो चढवला, कागदावर वाकले आणि रकान्यावर बोट ठेवलं. बोट थोडं खाली सरकवलं.

"इथं घाला," ते म्हणाले. "वरची ओळ त्याची. मोकळी सोडा."