खोळीत कोंडलेला वारा

मित्रांनो, मी एक जुना हेअर ड्रायर. जयपूरच्या तिलक नगरात, एका घराच्या माळ्यावर फुटक्या बादलीत पडून असतो. आधीच सांगून टाकतो, मी बिघडलेलो नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक छोटा पंखा आणि तापणारी तार बसवली. मागच्या जाळीतून हवा आत ओढायची आणि पुढच्या तोंडातून सोडायची, एवढंच माझं काम. डॉक्टर मीनाक्षीबाईंनी मला लग्नानंतर लगेच आणलं. हॉस्पिटलला निघायच्या गडबडीत त्यांचे ओले केस मीच वाळवायचो. "हा नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ऐकून माझी छाती फुगायची.

बाईंना एक खोड होती. इथे आंधी आली की घरभर रेती होते, म्हणून प्रत्येक वस्तूला खोळ! मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, रिमोटला प्लास्टिक. मलाही जुन्या साडीची शिवली, मागून पूर्ण बंद आणि पुढे तोंडापुरती उघडी. केस वाळवताना मात्र त्या ती ओढून काढायच्या.

मग त्यांची आठवीतली लेक ईश्वरी हिने मला विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलं. माझ्या थंड झोतावर टेबल टेनिसचा चेंडू अधांतरी ठेवायचा होता. चेंडू बाजूला सरकला की भोवतालच्या हवेचा दाब त्याला परत झोतात ढकलतो, हे तिला दाखवायचं होतं. "तूच माझा हीरो," ती मला म्हणाली. मी हुरळून गेलो.

पण चेंडू टपकन खाली! तिने छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली, मला सरळ उभं केलं, हलका चेंडू आणला. तरी तेच. खोळ मात्र अंगावरच, कारण "रेती जाईल, खोळ काढू नकोस हं," अशी आईची ताकीद. अहो, श्वासच कोंडला तर फुंकर कशी घालणार? मी तापलो, घुरघुरलो आणि जळू नये म्हणून आपोआप बंद पडलो.

"आई, हा मतलब... म्हातारा झालाय," ईश्वरी म्हणाली.

"टाक माळ्यावर. बाबा नवा आणतील," बाई सहज म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

नवा आला तो प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, करून बघायला वेळच नव्हता. बाईंनी माझीच खोळ त्याला घातली. प्रदर्शनाच्या दिवशी, चाललाच तर अडीअडचणीला असू दे म्हणून ईश्वरीने मलाही पिशवीत घेतलं. परीक्षक बाई समोर आल्या आणि नव्याचाही चेंडू पडला.

"बेटा, इसे कपड़ा क्यों पहनाया है?" असं म्हणत त्यांनी खोळ काढली. चेंडू झकास तरंगला. टाळ्या पडल्या. ईश्वरीने चटकन पिशवीत माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. आता ती खरं सांगेल, असं मला वाटलं.

"प्रोजेक्ट में दिक्कत क्या आई?" परीक्षकांनी विचारलं.

"मैम, पुराना वाला खराब था," ती म्हणाली. तिने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

मला फार लागलं ते. गरज सरो नि वैद्य मरो, हे ऐकून होतो. पण ही आपलीच पोर होती.

मित्रांनो, वस्तू अडली तर आधी तिची जाळी बघा, खोळ काढा. आणि चूक कळली की निदान त्या वस्तूसमोर तरी खोटं बोलू नका. इथे माळ्यावर मला खोळ नाही. मोकळा श्वास घेता येतो, फक्त बटण दाबायला कोणी येत नाही.