फिल्टर बसवताना विचारलेले प्रश्न

“अक्का, टाकी उघडली. आता आत काय बघू?”

“स्वल्प थांबा हं, बसवंतअण्णा. चष्मा आणते.”

बसवंतने फोन खांद्याशी दाबून धरला आणि वाट पाहिली. फिल्टरच्या टाकीच्या तळाशी प्लॅस्टिकची आठ पोकळ बोटं चाकाच्या आऱ्यांसारखी पसरली होती. आठही त्याने केव्हाच दाबून पाहिली होती. एकालाही तडा नव्हता.

“सापडलं. वाचू? ‘तळाच्या बोटांना तडे आहेत का पाहावे. एक जरी फुटलं असलं तरी सगळी वाळू तलावात येते.’ कळलं ना?”

“कळलं की. बरं झालं इचारलं.”

बसवंत तीस वर्षं पंप दुरुस्त करत होता. वीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, पुढची दहा इथे, आनेकलबाहेरच्या सुप्रीता मॅडमच्या बालवाडीत. असले वाळूचे फिल्टर त्याने डोळे मिटून बसवले असते.

*

फिल्टर जुना. शहरातल्या बसवनगुडीतून आणलेला.

बालवाडीच्या अंगणात मॅडमनी मुलांना डुंबायला लोखंडी सांगाड्याचा, जमिनीवर उभा राहणारा तलाव घेतला होता, मोठ्या माणसाच्या मांडीएवढा खोल. जाहिरात बघून फिल्टरही त्यांनीच ठरवला. मंगळवारी बसवंत टेम्पो घेऊन गेला. दार उघडणाऱ्या बाईंशी तो कन्नडमध्येच बोलत होता. तेवढ्यात त्या पायात घोटाळणाऱ्या मांजराला म्हणाल्या, “सरक गं बाई, पाडशील मला.”

बसवंतचं कन्नड अर्ध्या वाक्यात थांबलं.

“मराठी व्हय तुम्ही?”

“चार पिढ्या इथेच. तरी घरात मराठीच. तुम्ही?”

“निपाणीकडचा.”

त्याची बायको यल्लव्वा जाऊन तीन वर्षं झाली होती. मॅडमशी हिंदी, वॉचमनशी कन्नड. पाना निसटून बोट चेचलं की तोंडातून मराठी शिवी निघायची, तेवढंच काय ते मराठी उरलं होतं. तीही ऐकायला कोणी नाही.

पुष्पावतीअक्कांनी त्याला कॉफी दिली. फिल्टर त्यांच्या नवऱ्याने, गुंडूरावांनी, नातवंडांच्या तलावासाठी मागच्या अंगणात बसवला होता, आणि सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. गुंडूराव मागच्या वर्षी गेले.

“वही देणार नाही मी,” अक्का म्हणाल्या. “अक्षर त्यांचं आहे. पण कुठे अडलं तर फोन करा, वाचून दाखवीन.”

अडलं तर. कामाशिवाय परक्या घरच्या बाईला फोन कसा करायचा?

म्हणजे अडायला हवं होतं.

*

बुधवार, सकाळी. आधी वाळू की आधी पाणी?

(पाणी. अर्धी टाकी. म्हणजे वाळू पडताना बोटं मोडत नाहीत.)

बुधवार, दुपारी. साधी बांधकामाची वाळू चालेल का?

(“अय्यो! अजिबात नाही म्हणून लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.” फिल्टरच्या वाळूची पोती सकाळपासून त्याच्या मागेच उभी होती.)

गुरुवार. वाळू ओतताना मधल्या नळीचं काय करायचं?

“‘नळीच्या तोंडाला फडकं बांधावं. मी बांधलं नाही. सगळी वाळू नळीत गेली. पुष्पा हसली.’ खोटं! मी हसले नव्हते.”

“हसला असाल वो अक्का.”

“बरं, हसले. डोक्यावर, मिशीत, सगळीकडे वाळू. समुद्रावरून आल्यासारखे दिसत होते.” पलीकडे त्या आत्ताही हसत होत्या. “तुम्ही बांधलंत ना फडकं?”

“आता बांधतो,” फडकं बांधून झालेला बसवंत म्हणाला.

*

“बसवंतजी, एक फिल्टर में पाँच दिन?” शनिवारी मॅडम म्हणाल्या. “सोमवार को बच्चे आएँगे.”

“पुराना माल है, मैडम.”

हे म्हणताना त्याला लाज वाटली. मालात काही खोट नव्हती. त्याच संध्याकाळी त्याने रबरी कडीला ग्रीस लावून झाकण बसवलं, हँडल फिरवून वाळू उलट्या पाण्याने धुतली. नळीवरच्या बारक्या काचेतून दिसणारं पाणी आधी दुधासारखं आलं, मग ताकासारखं, मग निव्वळ पाणी. फोन न करता. अर्ध्या तासाचं काम होतं.

*

रविवारी तलावाचा तळ स्वच्छ दिसत होता. कडुनिंबाचं एक पान तळाशी पडलं होतं, त्याच्या शिरासुद्धा मोजता आल्या असत्या. पंप घुमत होता. बसवंतने फोन लावला.

“अक्का, एकच राहिलं. दाब किती धरायचा?”

“सरी, बघते. शेवटचं पान आहे ते. ‘पहिल्या दिवशीचा दाब लिहून ठेवावा. आपला बारा. वीसवर गेला की वाळू धुवावी.’ मग तारखा आहेत. वाचू?”

“वाचा की.”

“‘चार मे. वीस. धुतली. पोरं दिवसभर पाण्यात. अठरा मे. वीस. धुतली. पोरं सिंगापूरला गेली.’” अक्कांनी पान जवळ घेतलं असावं, आवाज बारीक झाला. “‘दोन जून. बारा. कोणी उतरलं नाही. पंप चार तास. नऊ जून. बारा. कोणी उतरलं नाही. पंप चार तास. सोळा जून...’”



“अक्का?”

“मी स्वयंपाकघरात असायचे, अण्णा. पंपाचा आवाज यायचा. मी आतून ओरडायचे, बंद करा ते, कोणासाठी लावलंय? हे बसायचे तिथे खुर्ची टाकून.”

 पंपाच्या आवाजात पलीकडचा श्वास नीट ऐकू येत नव्हता. त्याने वाकून पंप बंद केला.

“पुढे कोरं आहे,” अक्का म्हणाल्या. “झालं बघा. वही संपली. तुमचं काम झालं ना?”

टाकीवरचा दाबाचा काटा बारावरून उतरत शून्यावर येऊन टेकला. 

“अक्का, ते शेवटचं पान परत वाचता का? जरा सावकाश. लिहून घेतो.”

“लिहिताय ना?”

“व्हय.”

अक्का पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. बसवंत टाकीवर एक हात ठेवून उभा राहिला. त्याच्या खिशात कागद नव्हता, पेनही नव्हतं.