मागचं चाक

प्रियदर्शनी शिरोलीच्या एका फौंड्रीत बावीस वर्षं माल तपासत होती. ओतलेल्या लोखंडावर हातोडी वाजवली की आतली चीर तिला आवाजावरून कळायची. त्यामुळे धाकट्या भावानं, पारसनं, मोटारसायकलसाठी वापरलेली कार्बन फायबरची चाकं बघून ठेवलीत असं सांगितलं, तेव्हा ती एका शब्दात म्हणाली होती, "नको."

"अक्का, नवीन कुठली परवडायला? आणि वजनाला निम्मी हायत."

"साधं चाक आपटलं तर वाकतं, पोचा येतो, डोळ्याला दिसतं. हे वाकत न्हाय. आतले थर सुटतात नि वरनं चकचकीत राहतं. आधीच्यानं कुठं आपटलंय, तुला कोण सांगणार?"

पारसनं मान डोलावली आणि पुढच्याच रविवारी चाकं बसवून घेतली.

दीड महिन्यानं गगनबावड्याच्या रस्त्यावर एका साध्या खड्ड्यात पुढची रिम फुटली. पारस गाडीसकट घसरत गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी प्रियदर्शनी ती फुटकी रिम फौंड्रीत घेऊन गेली. दिव्याखाली धरली, नखानं खरवडली. वरची कार्बनची वीण सुटून बोटाला चिकटली. ते स्टिकर होतं! त्याखाली वीतभर लांबीची पुट्टी, आणि पुट्टीखाली जुना तडा. कुणीतरी बसून, घासून, पुसून, मन लावून हे काम केलं होतं. तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

ती तशीच राजारामपुरीत सम्राटच्या दुकानात गेली. चाकं त्यानंच विकली होती. तिनं काउंटरवर रिमचा तुकडा आपटला.

"हे स्टिकर कुणी लावलं?"

सम्राटनं तुकड्याला हातसुद्धा लावला नाही. "ताई, जुना माल हाय. मला पुण्यासनं आला तसा मी दिला. जुन्याला गॅरंटी नसती की."

"तू बघितला न्हाईस?"

"वरनं चांगला व्हता. आत शिरून बघू व्हय मी?"

"न्हाय बघता येत, तर विकतोस कशाला? मेला असता की रे माझा भाऊ!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हळूच बाहेर सरकली. सम्राटचा आवाज मऊ झाला. "मागचं चाक तर शाबूत हाय न्हवं? घेऊन या. मी खपवतो."

प्रियदर्शनीला वाटलं, हाच तुकडा उचलून याच्या तोंडात कोंबावा. ती तिथून थेट पोलीस चौकीत गेली. हवालदारानं अर्ज ठेवून घेतला आणि पावती मागितली. पारसनं पावती घेतलीच नव्हती.

महिन्याभरानं एका दुपारी ती घरी आली, तर पारस खाटेवर पाय लांब करून गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. शेजारी मागचं चाक पुसून, तेल लावून, भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"एकदम ओके हाय, पावणं. एक ओरखडा न्हाय. पुढचं? पुढचं विकलं की आधीच."

प्रियदर्शनी उंबऱ्यातच थांबली. सम्राटवर आला नव्हता इतका राग तिला आला.

"काय म्हणालास?"

पारसनं फोन खाली केला. "अक्का, ह्याला काय झालंय? तूच वाजवून बघ की."

तिनं पर्समधनं नाणं काढलं. सगळं चाक टकटक वाजवलं. आवाज सगळीकडं सारखाच आला.

"बघ! चांगलं हाय."

"मला ठाऊक न्हाय. बावीस वर्षं हेच करतीया, आणि मला ठाऊक न्हाय. तुला कसं ठाऊक?"

तिनं चाक उचललं, परसात नेलं, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि करवत लावली. पारस आतून ओरडत होता, "माझं हाय ते! तुला काय अधिकार?" काळी धूळ तिच्या मनगटांवर बसत गेली. पहिला काप स्वच्छ निघाला. आत एकही थर सुटलेला नव्हता. तरी तिनं दुसरा मारला, मग तिसरा.

आत आली तेव्हा फोन पुन्हा वाजत होता. पारस तोंड फिरवून बसला होता. तिनंच उचलून स्पीकरवर टाकला.

"पावणं, चाक न्हाय. मी कापून टाकलंय. त्याच्या जोडीच्या चाकानं माझ्या भावाची मांडी मोडलीया."

"रेट वाढवून पायजे तर तसं सांगा की बाई," गडहिंग्लजचा तो माणूस वैतागला. "नाटकं कशाला? दुसरीकडं मिळंल मला."

पारसनं हात लांब करून तिच्याकडनं फोन हिसकावून घेतला.

"ए, ऐक," तो ओरडला. मांडीतला रॉड दुखला तसा आवाज चिरकला. "मघाशी खोटं बोललो मी तुला. पुढचं विकलं न्हवतं, फुटलं व्हतं. माझ्याखाली."

पलीकडून फोन कट झाला. पारसनं फोन खाटेवर टाकला. प्रियदर्शनी मोरीवर जाऊन हात धुऊ लागली. धूळ काही केल्या निघेना, आणि रागही.