अकरा चौकटींचा फळा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. महाप्याच्या एका कंपनीत मी सहा वर्षं काढली. रोज लिहायचे, रोज पुसायचे. एका पुसण्यात स्वच्छ होतो म्हणून माझं कौतुक व्हायचं. कंपनीने जागा सोडली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या कुंदनने मला खारघरच्या घरी आणलं.

त्याची बायको नमिता गोष्टी लिहायची. पण मुलगी झाल्यापासून तीन वर्षं एक ओळ नाही. आता एका बालमासिकाने शनिवारपर्यंत गोष्ट मागितली होती. ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारणार, या धास्तीने तिने कथानक आधीच पक्कं करायचं ठरवलं आणि माझ्यावर अकरा चौकटी आखल्या.

गोष्टीतल्या आठ वर्षांच्या गोजराला एकटीने खाली भाजी आणायला जायचं होतं. पण पहिल्या चौकटीत लिफ्ट बंद पडली. दुसरीत वॉचमनने तिला परत पाठवलं. चौथीत आईच धावत आली. अकरावी भरली तरी गोजरा दारातच!

त्यात मार्कर निघाला कायमच्या शाईचा. ओल्या फडक्यानेही रेघ हलेना. माझा जीव कोंडला. गोजरा अडकली, मी अडकलो, आणि नमितासुद्धा. वही घेऊन ती नुसती बसायची. आत मुलगी खोकली की उठायची.

गुरुवारी नावड्याहून तिचे सासरे आले. आप्पा तरुणपणी मिठागरात राबलेले. चौकटी बघून हसले.

"नमिता गो, बांद ब्येस घातलंस. पन खाडीचा खारा पानी आत यायला उघाडी कुठं ठेवलीस? असा मीठ पिकत नाय."

"आप्पा, तिला एकटीला सोडलं आणि काही झालं तर?"

"गोष्टीतली पोर हाय ती. तिथं तरी सोड."

कापसावर सॅनिटायझर घेऊन नमिताने चौथी चौकट घासली. फक्त तीच. आई धावत आलेली पुसली गेली आणि गोजरा जिना उतरली. पुढचं माझ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नमिताने वही उघडली आणि ती लिहीत सुटली. गोजरा भाजी विसरून कोपऱ्यावरच्या आजीबरोबर करवंदं विकायला बसली, हे नमितालाही लिहिता लिहिताच कळलं. शुक्रवारीच गोष्ट गेली.

मी आता दारामागे आहे. दहा चौकटी अजून अंगावर आहेत. मित्रांनो, फळ्यावर लिहिण्याआधी मार्कर कोपऱ्यात तपासा. बेत जरूर आखा, पण एखादी जागा कोरी ठेवा. मला जो काही वारा लागतो, तो तेवढ्याच जागेतून.